‘गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?’ : कोकणातल्या शाळेत शाब्दिक उदाहरणं शिकवायला लागताना

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून पुरं होत नाही तोच पुढच्या ओळीतून आवाज येतो, ‘गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा हा प्रश्न आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षण सेवक, त्यातही घाटावरून किंवा मराठवाड्यातून नेमणूक होऊन इकडे आलेले, मला नेहमी विचारतात: पोरांना उभी मांडणी येते, हातचा येतो, पंधरापर्यंत पाढे पाठ आहेत, मग तीन ओळींचं उदाहरण समोर आलं की हात का थांबतो?

हात थांबतो, कारण मूल उदाहरण वाचत नाही. ते आकडे शोधतं. दोन आकडे सापडले की त्यांचं काय करायचं एवढंच त्याला हवं असतं, आणि ते आपण सांगावं अशी त्याची अपेक्षा असते. ही सवय बहुतेक वेळा आपणच लावलेली असते. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या शाळांमध्ये मी वीसेक वर्षं शिकवतोय. पहिली काही वर्षं माझ्या वर्गातही एक मोठा कार्डशीटचा तक्ता होता: ‘एकूण, मिळून, सगळे म्हणजे बेरीज. उरले, शिल्लक, कमी म्हणजे वजाबाकी.’ घटक चाचणीत मुलं छान गुण मिळवायची. तो तक्ता मी का काढला ते पुढे येईलच. आधी सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

पहिला आठवडा: आकडे झाका

पहिला आठवडाभर एकही उत्तर काढायचं नाही. फळ्यावर उदाहरण लिहा, पण आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवा: ‘सईच्या आईने बंदरावरून काही बांगडे आणले. त्यातले काही बाजारात विकले. काही घरी ठेवले.’ प्रश्नसुद्धा लिहू नका. आता विचारा, काय झालं? कोणी आणले? कुठून? आणले तेव्हा जास्त होते की विकून झाल्यावर? घरी ठेवलेले आणलेल्यांपेक्षा जास्त असू शकतील का?

मग एकेका मुलाला तीच हकीकत त्याच्या घरच्या बोलीत सांगायला लावा. ‘सईच्या आवशीन बांगडे हाडल्यान, थोडे इकल्यान, थोडे घराक ठेवल्यान.’ पुस्तकातल्या मराठीत गप्प बसणारं मूल इथे पटकन बोलतं. तुम्ही बाहेरून आला असाल तर सुरुवातीला तुम्हालाच कळायला जड जाईल, पण हसू नका आणि दुरुस्तही करू नका. मालवणी असो, रत्नागिरीकडची संगमेश्वरी असो की रायगडची आगरी, मुलाला हकीकत सांगता आली म्हणजे त्याला उदाहरण समजलं. सांगता आली नाही तर पेन्सिल हातात देऊन उपयोग नाही.

मग त्याच हकीकतीवर मुलांना विचारा, ‘यावर कोणते प्रश्न विचारता येतील?’ तीन-चार प्रश्न येतात. शेवटी आकडे भरा: आणले २०, विकले १२. एवढं झालं की ‘बेरीज की वजाबाकी’ कुणी विचारत नाही, ही माझ्या वर्गात वर्षानुवर्षं पाहिलेली गोष्ट आहे.

ने, ला, पैकी, पेक्षा

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपण गणित म्हणून ज्या चुका मोजतो त्यातल्या पुष्कळशा व्याकरणाच्या असतात. ही दोन वाक्यं पाहा:

सईकडे २० शिंपले होते. सईने मानसीला ८ दिले.
सईकडे २० शिंपले होते. सईला मानसीने ८ दिले.

आकडे तेच, नावं तीच, क्रियापद तेच. फक्त ‘ने’ आणि ‘ला’ यांची जागा बदलली आणि १२ चे २८ झाले. मोठ्यांच्या डोळ्यांना हा फरक आपोआप दिसतो. आठ वर्षांचं मूल मात्र अडखळत वाचताना प्रत्यय गिळून टाकतं आणि त्याला ‘सई, मानसी, ८, दिले’ एवढंच ऐकू येतं. म्हणून अशा जोड्या करून वाचून घ्या, दोन मुलांना उभं करून प्रत्यक्ष देवघेव करायला लावा. कोणाची ओंजळ भरली, कोणाची रिकामी झाली?

‘पैकी’ हा असाच शब्द. ‘४५ नारळांपैकी १८ सोलले’ हे वाचून ४५ वेगळे आणि १८ वेगळे समजणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. त्यांना ‘४५ नारळ होते, त्यातलेच १८ सोलले’ असं सांगितलं की डोळे उजळतात. ‘प्रत्येकी’ आणि ‘दराने’ तर घरच्या बोलण्यात फारसे येतच नाहीत. एकदा मी उदाहरण दिलं होतं: पाडेल्याने १४ माडांवरचे नारळ उतरवले, दर माडामागे ५० रुपये मजुरी, तर एकूण किती? एका मुलीने खूप विचार करून विचारलं, ‘पैसे माडाच्या मागे कोणी ठेवले?’ तिच्या जागी ती बरोबर होती. ‘मागे’ या शब्दाचा तिला माहीत असलेला अर्थ तोच होता. तेव्हापासून मी दराचं पहिलं उदाहरण ‘एका माडाचे ५० रुपये’ असं लिहितो, आणि ‘माडामागे’ हा शब्द त्यानंतर वेगळा शिकवतो.

‘वाटा’ हा शब्दही जपून वापरा. पुस्तकात वाटा म्हणजे समान हिस्सा. मासळीबाजारात वाटा म्हणजे एका भावात विकायला मांडलेला ढीग, आणि त्यातले मासे मोजून सारखे असतीलच असं नाही. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) वाट्यात जाळ्याच्या मालकाचा हिस्सा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. कोळीवाड्यातल्या मुलाने ‘वाटे सारखे कसे असतील?’ असं विचारलं तर तो त्याचा अनुभव सांगतोय. तिथे ‘सारखे भाग’ म्हणा, वाद मिटतो.

आकड्यांच्या नावांचंही एक दुखणं आहे. उदाहरण तोंडी सांगताना ‘एकोणतीस’ म्हटलं की निम्मा वर्ग ३९ लिहितो, कारण कानावर ‘तीस’ आणि ‘नऊ’ पडतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा त्यावरून बराच वाद झाला होता. वादात मी पडत नाही. मी एवढंच करतो की तोंडी उदाहरण सांगताना ‘एकोणतीस, वीस आणि नऊ’ असं दोन्ही म्हणतो. उदाहरण समजण्याची परीक्षा घेताना संख्यानावात मूल अडकू नये.

चिंचोके, मग चित्र, मग पट्टी

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या या उदाहरणांवर काम केलं. त्यांना दिसलं की बेरीज-वजाबाकीची रीत शिकण्याआधीसुद्धा मुलं शाब्दिक उदाहरणं सोडवतात, मात्र हकीकतीत जसं घडतं तसंच वस्तूंनी करून. आपल्याकडे वस्तूंना तोटा नाही. चिंचोके, काजूच्या बिया, सुपाऱ्या, शिंपले. पहिली-दुसरीला डबाभर चिंचोके प्रत्येक गटात ठेवा आणि उदाहरण हाताने करू द्या. घाई करू नका.

तिसरीपासून आकडे मोठे होतात, तिथे चिंचोके पुरत नाहीत. मग पट्टी. सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून ही पद्धत रुळलेली आहे आणि ती शिकायला आपल्याला एक दुपार पुरते. संख्या म्हणजे एक आडवा लांब चौकोन. मोठी संख्या लांब, लहान संख्या आखूड. माहीत नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह.

हे उदाहरण घ्या: ‘आजीच्या माडांवरून ४८ नारळ उतरले. ते काकांच्या नारळांपेक्षा १२ ने जास्त आहेत. काकांचे नारळ किती?’ ‘जास्त’ दिसला की मुलं ६० लिहितात. पट्टी काढायला लावा. आधी विचारा, जास्त कोणाचे? आजीचे. म्हणजे आजीची पट्टी लांब, तिच्यावर ४८. काकांची तिच्याखाली, डाव्या टोकाला टोक लावून, आखूड. पुढे निघालेला तुकडा १२. आता काकांची पट्टी ६० होऊ शकते का? मुलं स्वतःच खोडतात आणि ३६ लिहितात. मी पट्ट्या आधी कागदाच्या कापून देतो, म्हणजे लांब-आखूड हातात येतं. वहीतल्या पट्ट्या वाकड्या आल्या तर चालतात, मापात नसल्या तरी चालतात. लांब कोण आणि आखूड कोण एवढं बरोबर हवं.

प्रश्नचिन्हाची जागा बदलत राहा

आता तक्त्याची गोष्ट. एका वर्षी मी चौथीला विचारलं: ‘बाबांनी सकाळी काही पापलेटं आणली. १५ विकली. ९ उरली. सकाळी किती आणली होती?’ २१ मुलांच्या वर्गात बहुतेकांनी १५ मधून ९ वजा करून ६ लिहिलं. ‘उरले’ हा शब्द माझ्या तक्त्यात वजाबाकीच्या रकान्यात होता. मुलांनी मी शिकवलं तेच केलं होतं. सकाळी ६ आणली आणि त्यातली १५ विकली, हे कसं झालं असं एकालाही वाटलं नाही, कारण हकीकत कुणी वाचलीच नव्हती. त्याच दिवशी तक्ता उतरवला.

तुम्ही असा तक्ता लावू नका. त्याऐवजी एकाच हकीकतीत प्रश्नचिन्ह तीन ठिकाणी फिरवा:

२४ आणली, १५ विकली, किती उरली?
२४ आणली, काही विकली, ९ उरली. किती विकली?
काही आणली, १५ विकली, ९ उरली. किती आणली?

पहिलं सगळ्यांना येतं. दुसरं थोड्यांना अवघड जातं. तिसरं सर्वांत अवघड, कारण सुरुवातच माहीत नाही आणि चिंचोके मांडायचे तर कुठून मांडायचे हे कळत नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत कोणता प्रकार किती वेळा येतो ते एकदा पेन्सिलने खुणा करून पाहा, आणि जो कमी दिसेल त्याची उदाहरणं स्वतः तयार करा. तुलनेच्या उदाहरणांनाही हेच लागू आहे.

कप्तानाचं वय

फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७९ च्या सुमाराला प्राथमिकच्या ९७ मुलांना एक उदाहरण दिलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी त्याच आकड्यांची जुळवाजुळव करून वय काढून दिलं. ही मुलं मंद नव्हती. शाळेत उदाहरण दिलं की आकडे वापरून उत्तर द्यायचंच असतं, हे ती शिकली होती.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी असं उदाहरण द्या ज्यात माहिती अपुरी आहे, आणि एक असं ज्यात नको ती माहिती आहे. ‘होडीत १२ माणसं आणि ५ कोंबड्या आहेत. तांडेलाचं वय किती?’ किंवा ‘सकाळी ७ च्या एसटीत ३२ प्रवासी बसले. तिकीट २५ रुपये. पुढच्या थांब्यावर ९ उतरले. आता किती?’ मुलांना ‘हे काढता येत नाही’ असं लिहायची मोकळीक द्या आणि तसं लिहिल्याबद्दल पूर्ण गुण द्या. पहिल्यांदा त्यांना तुम्ही फसवलंत असं वाटेल. तसं वाटू न देता आधीच सांगा: आज एक उदाहरण अर्धवट आहे, कोणतं ते शोधा.

भागाकार: होडीच्या खेपा

गुणाकारावर फार लिहीत नाही. सारखे गट दिसले की मुलं तो पटकन पकडतात. भागाकारात मात्र दोन वेगळ्या हकीकती असतात आणि आपण त्या एकाच चिन्हाखाली झाकतो. ‘२४ आमसुलं ६ जणांना सारखी वाटली’ यात एकाला किती ते काढायचं. ‘२४ आमसुलं ६-६ च्या पुड्या केल्या’ यात पुड्या किती ते काढायचं. दोन्हींचं उत्तर ४, पण हातांनी केलं तर कृती वेगळी. दोन्ही करून घ्या.

बाकी उरते तिथे खरी मजा आहे. भागाकार एकच ठेवा, ३० भागिले ८, आणि हकीकत बदला.

खाडी ओलांडायला ३० माणसं थांबली आहेत, होडीत एका वेळी ८ बसतात. किती खेपा? भागाकार ३, बाकी ६. पण त्या सहा जणांना काठावर ठेवून तांडेल घरी जाणार नाही, म्हणून ४ खेपा.

३० आंबे आहेत, एका खोक्यात ८ मावतात. किती खोकी पूर्ण भरतील? ३.

३० नारळ ८ घरांत सारखे वाटले, किती उरले? ६.

तिन्ही उदाहरणं एकाखाली एक लिहा. उत्तरं ४, ३ आणि ६. मुलं आधी ‘कसं काय?’ म्हणून गोंधळतात, मग भांडतात, मग एकमेकांना समजावतात. त्या अर्ध्या तासात तुम्ही बोलू नका. तरीच्या (खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीच्या) जेटीवर रोज उभं राहणारं मूल इथे वर्गातल्या हुशार मुलाला शिकवतं, आणि मला ते फार आवडतं.

रोजचा पट आणि तांदूळ

दोन पायऱ्यांच्या उदाहरणांसाठी पुस्तक उघडायची गरज नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. पट ३४, आज गैरहजर ५, तर किती तांदूळ काढायचा? आधी ३४ वजा ५, मग २९ गुणिले १००, म्हणजे २९०० ग्रॅम, २ किलो ९०० ग्रॅम. हे उदाहरण चौथीच्या दोन मुलांकडे आठवडाभर सोपवा. ती रोज सोडवतील, तराजूवर पडताळतील, आणि चुकलं तर स्वयंपाक करणाऱ्या मावशी लगेच सांगतील.

दोन पायऱ्यांमध्ये मुलं पहिल्या पायरीचं उत्तर लिहून थांबतात. त्यासाठी प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहायची सवय लावा: २९ मुलं, २९०० ग्रॅम. नुसता ‘२९’ लिहिणारं मूल तिथेच थांबतं, ‘२९ मुलं’ लिहिणाऱ्याला तांदूळ अजून मोजायचा आहे हे दिसतं. शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्या आणि ते वाक्य मोठ्याने वाचायला लावा. ‘बाबांनी सकाळी ६ पापलेटं आणली आणि १५ विकली’ हे वाचताना मुलाला स्वतःलाच खटकलं पाहिजे.

एका खोलीत तीन इयत्ता असतील तर

कोकणात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत, तेव्हा एकाच खोलीत दुसरी, तिसरी, चौथी ही नेहमीची गोष्ट. प्रत्येक इयत्तेला वेगळं उदाहरण देऊ नका, दमून जाल. हकीकत एकच सांगा, सगळ्यांकडून बोलीत वदवून घ्या, मग आकडे वेगळे द्या. दुसरीला २० बांगडे आणि १२ विकले. तिसरीला २४० आणि १७५. चौथीला ८ टोपल्या, प्रत्येकीत ३५, त्यातले १९० विकले. चौथीची मुलं दुसरीच्या गटात चिंचोके घेऊन बसली तर बसू द्या.

वही तपासताना नुसतं उत्तर बघून चूक-बरोबर करू नका. पट्टी बरोबर आणि वजाबाकीत हातचा चुकला, तर त्या मुलाला उदाहरण येतं, त्याला हातच्याचा सराव द्या. उत्तर बरोबर आणि पट्टी उलटी, तर त्याला जवळ बोलावून हकीकत विचारा. माझ्या अनुभवात काळजी दुसऱ्याची जास्त करायची असते.

आयांचा हिशोब वर्गात आणा

शुक्रवारी शेवटचा तास मुलांनी उदाहरणं तयार करण्याचा ठेवा. सुरुवातीला ती पुस्तकासारखी लिहितात, ‘रामकडे ५ पेन होते’. त्यांना सांगा, काल घरात, बागेत, बंदरावर जे घडलं तेच लिहा. काजूच्या बिया गोळा केल्या, गणपतीला मुंबईहून किती पाहुणे आले आणि किती गेले, पेटीत आंबे कसे भरले.

आणि मासे विकणाऱ्या एखाद्या आईला वर्गात बोलवा. अनेक जणी शाळेत दोन-तीन इयत्तांपलीकडे गेलेल्या नसतात, त्यामुळे मुलाच्या अभ्यासाचं आपल्याला काही कळत नाही असं त्यांना वाटतं. माझ्या वर्गात आलेल्या एका ताईंनी सांगितलेला हिशोब असा होता: टोपली ८०० ला घेतली, ९ वाटे केले, ६ वाटे १५० ने गेले, दुपार झाली म्हणून उरलेले ३ वाटे १०० ने सोडले, रिक्षा ६०, बर्फ ४०. सुटले किती? त्यांनी तोंडी ३०० सांगितले तेव्हा मुलांची पहिली पायरीही झाली नव्हती. मग त्यांनीच मुलांना विचारलं, ‘तीन वाटे घराक नेलेले बरे की शंभरान दिलेले बरे?’ त्यावर सगळ्या वर्गाने पट्ट्या काढल्या. त्यांना बोलवायचं तर दुपारी एकनंतरची वेळ द्या, सकाळी बाजार असतो, आणि शक्यतो सोमवार किंवा गुरुवार निवडा, कारण त्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक कमी असतं.